१/३५ च्या जीपसाठी १९४४ चं मॅन्युअल: टीएम ९-८०३

गेले सात महिने माझ्या टेबलावर एकच पुस्तक उघडं आहे. अमेरिकेच्या युद्धखात्याने २२ फेब्रुवारी १९४४ या तारखेने काढलेलं टीएम ९-८०३. विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या पाव टनी फोर बाय फोर गाडीचं, म्हणजे आपण सगळे जिला जीप म्हणतो तिचं, सैन्याचं टेक्निकल मॅन्युअल. छापणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मॉडेल करणारे कोणी नव्हते. गाडी चालवणारा शिपाई आणि युनिटचा मेकॅनिक या दोघांसाठीच ते लिहिलंय. तरीही १/३५ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या जीपच्या मॉडेलवर बारीक तपशील करताना मला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा गुळगुळीत कागदावरच्या रंगीत फोटोंचा झाला नाही. म्हणून हा परीक्षणाचा खटाटोप.

माझं रोजचं काम दातांच्या लॅबमधलं. कॅप, ब्रिज, कवळ्या. दिवसभर मेणाच्या सुरीने दाढांच्या खाचा कोरत बसायचं. या कामात पहिल्या वर्षीच एक गोष्ट अंगवळणी पडते. दाढेची खाच कशासाठी आहे, समोरच्या दाढेचा कुठला उंचवटा तिच्यात बसतो, हे माहीत असलं की ती हातून बरोबर उतरते. नुसतं नमुन्याकडे बघून कोरली की दिसायला ठीक आणि तोंडात बसवली की चुकीची. मॉडेलच्या बाबतीत हे मला उशिरा कळलं, आणि त्याची किंमत म्हणजे एक अख्खी जीप.

ती जीप मी जून १९४४ मधली, नॉर्मंडीतली म्हणून केली होती. रेफरन्ससाठी एका संग्रहातल्या, नव्यासारख्या करून ठेवलेल्या जीपचे १४० फोटो होते माझ्याकडे. सगळ्या बाजूंनी काढलेले, अगदी खालून चासीचेसुद्धा. त्या फोटोंवर माझा पूर्ण विश्वास. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक छोटी डबी आणि तिची काडी दिसत होती, ती मी दोन रात्री बसून केली. इंजिनाच्या बाजूला फटी असलेलं एक गोल, आखूड बोंडलं होतं, तेही तारेची जाळी कापून हुबेहूब केलं. मॉडेल पूर्ण झालं, रंगलं, काचेच्या पेटीत गेलं. त्यानंतर हे मॅन्युअल हाताशी आलं आणि विजेच्या प्रकरणात शिरल्यावर पोटात गोळा आला. ती डबी म्हणजे आजच्या रस्त्यावर गाडी चालवता यावी म्हणून मालकाने नंतर लावलेला इंडिकेटरचा स्विच. ते बोंडलं म्हणजे अल्टरनेटर. १९४४ च्या जीपला इंडिकेटर नव्हते, वीज ६ व्होल्टची होती आणि ती बनवणारा डायनामो लांबट नळकांड्यासारखा होता. म्हणजे जे दोन भाग मी सगळ्यात जीव लावून केले, तेच दोन युद्धानंतरचे निघाले.

त्या मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला गाडी चालवायची असते, आपल्याला ती एका विशिष्ट महिन्यात गोठवायची असते. शिवाय जुन्या जीपांमध्ये फ्रेंच हॉचकिस एम२०१ चे भाग सर्रास बसवलेले असतात, कारण ती गाडी जीपचाच परवाना घेऊन १९६६ पर्यंत बनत होती आणि तिचे सुटे भाग मिळायला सोपे. फोटोत हे ओळखू येत नाही. ओळखायला आधी मूळ काय होतं ते माहीत हवं, आणि ते मूळ या पुस्तकात आहे.

पुस्तकाचे दोन भाग. पहिला गाडी चालवणाऱ्यासाठी: कुठला दांडा कशाचा, सुरू कशी करायची, वाळूत आणि कडक थंडीत काय सांभाळायचं, गाडीवर कुठलं सामान कुठे ठेवायचं. दुसरा मेकॅनिकसाठी: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा-मागचा अ‍ॅक्सल, ब्रेक, पाटे, स्टिअरिंग, बॉडी, एकेक प्रकरण सुटं करून. कृष्णधवल फोटो आहेत, त्यांची पार्श्वभूमी बहुतेक ठिकाणी पुसून टाकलेली, आणि भागाभागाला बाण लावून नाव. हे नाव फार मोलाचं. जो भाग मी इतकी वर्षं ‘ते आडवं काहीतरी’ म्हणत होते त्याला नाव मिळालं की तो जुन्या फोटोंत शोधता येतो, पार्ट लिस्टमध्ये शोधता येतो, दुसऱ्या कुणाला विचारता येतो.

आता पुढच्या दिव्यांचं घ्या. माझ्या किटमध्ये, म्हणजे जोडायच्या प्लास्टिक भागांच्या संचात, दिवा आणि त्याचा ब्रॅकेट एकाच ठोकळ्यात ओतलेले आहेत. फोटोंत बघितलं तरी तो ठोकळाच वाटतो, कारण जाळीमागच्या अंधारात काही दिसत नाही. मॅन्युअल सांगतं की ब्रॅकेटला बिजागरी आहे. बोनेट उघडा, विंग नट सैल करा, दिवा उलटा फिरवा, की उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री रस्त्याकडेला दुरुस्ती करणाऱ्या माणसाला टॉर्च धरायला दुसरा माणूस लागू नये, एवढा विचार त्या दोन इंचांच्या लोखंडात आहे. मी ती ओळ वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. मग ठोकळा कापून काढला. पाव मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटच्या दोन पट्ट्यांची बिजागरी केली, मध्ये तांब्याच्या तारेची पिन. विंग नटचे दोन कान अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे, एकेक कान अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, लॅबमधल्या भिंगाखाली मेणाच्या टोकाने उचलून बसवले. आणि दिवा फिरतो म्हटल्यावर वायर ताणलेली असून चालणार नाही, तिला सैल लांबी हवी. तो झोल मी आधीच्या मॉडेलमध्ये ठेवला नव्हता. फोटोत दिसत होता, पण मला वाटलं वायर जुनी झाल्याने लोंबतेय.

माझ्या नव्या मॉडेलचं बोनेट उघडं आहे आणि डावा दिवा मागे वळलेला आहे.

दुसरं उदाहरण माझ्या सगळ्यात आवडीचं. बोनेटच्या बाजूला पांढऱ्या आकड्यांत गाडीचा नोंदणी क्रमांक असतो, जीपचा २० ने सुरू होणारा. काही क्रमांकांच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर असतं. किटच्या डिकॅलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या छापील आकड्या-चिन्हांमध्ये, तो ‘एस’ होता, मी तो वर्षानुवर्षं चिकटवत आले. त्याचा अर्थ सप्रेस्ड. प्लगच्या ठिणग्यांमुळे रेडिओत जी खरखर येते ती दाबण्याची सोय या गाडीत केलेली आहे, असं सांगणारं ते अक्षर. मॅन्युअलमध्ये रेडिओच्या खरखरीवर स्वतंत्र प्रकरण आहे. प्लगच्या वायरींवर सप्रेसर, डायनामोच्या बाजूला कंडेन्सर, आणि बोनेट, इंजिन, बॉडी, चासी असे वेगवेगळे धातूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या. पत्रा पत्र्याला नीट जोडलेला नसला की तोच एरिअलसारखा वागतो, म्हणून या पट्ट्या. म्हणजे किटने अक्षर दिलं आणि ते अक्षर ज्या गोष्टीबद्दल बोलतं ती दिलीच नाही. बोनेट बंद असेल तर काही बिघडत नाही. उघडं ठेवणार असाल तर बिजागरीपाशी त्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. मी जुन्या इअरफोनच्या वायरीतले केसाएवढे तीन धागे काढले, वेणी घातली, सपाट चिमट्याने दाबली. वॉश, म्हणजे खूप पातळ केलेल्या रंगाचा हात, दिल्यावर विणीच्या खाचा उठून आल्या. एवढ्याशा कामाला एक रविवार गेला आणि तो रविवार मला फार सुखाचा वाटला.

वंगणाचा तक्ता बघून मात्र माझी वेदरिंगची, म्हणजे मॉडेलवर धूळ-डाग अशा वापराच्या खुणा रंगवायची, पद्धतच बदलली. कुठल्या सांध्याला किती मैलांनी ग्रीस द्यायचं याचं ते चित्र. आधी मी गाडीच्या पोटाला सरसकट धुळीचा रंग मारायचे, वरून थोडा काळा वॉश, झालं. आता तक्ता समोर ठेवते. पाटे चासीला जोडणाऱ्या कड्यांना, म्हणजे शॅकलना, ग्रीस निप्पल, स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना. ग्रीस गन मारली की आतलं जुनं काळं ग्रीस बाहेर येतं, त्यावर धूळ बसते, परत ग्रीस, परत धूळ. तिथे जाड, ओलसर, काळपट गोळा होणार, आणि चार इंचांवर चासी कोरडी ठणठणीत. डाग कुठे पडणार ते तक्त्यात लिहिलेलंच आहे म्हणा ना. पेट्रोलचंही तसंच. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, तोंडही तिथेच. म्हणजे पेट्रोल भरायला दर वेळी ड्रायव्हरने उठायचं, गादी उचलायची, आणि कॅन तिरपा करून ओतायचा. सांडणार ते सीटच्या भोवती, आतल्या पत्र्यावर. बाहेरच्या बाजूला पेट्रोलचा ओघळ काढलेली जीप आता दिसली की माझा हात शिवशिवतो.

डाव्या पुढच्या पाट्याला एक जादा स्प्रिंग आहे, टॉर्क रिअ‍ॅक्शन स्प्रिंग म्हणतात तिला. उजव्या बाजूला ती नाही. बऱ्याच किटमध्ये दोन्ही बाजूंचे पाटे आरशात बघितल्यासारखे सारखे असतात. मॉडेल पालथं करून कोण बघणार, असं कुणी म्हणेल. मी बघते.

मापांसाठीही पुस्तक कामाचं आहे, फक्त गणित आपलं आपण करायचं. १/३५ मध्ये एक इंच म्हणजे ०.७३ मिलिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे ५८ मिलिमीटर. माझ्या किटचं ५७.८ भरलं, तिथे किट बनवणाऱ्यांना पूर्ण मार्क. बोल्टचं अर्धा इंच रुंदीचं डोकं ०.३६ मिलिमीटर. पाव इंची नळी ०.१८, म्हणजे हाताशी असलेली ०.२ ची तार चालते. बाजारात मिळणाऱ्या डिटेलच्या सेटमध्ये अशा नळ्या दुप्पट जाड असतात, आणि एकदा माप डोक्यात बसलं की ती जाडी डोळ्यांत खुपते.

आता उणिवा, कारण हे पुस्तक एकट्याने पुरत नाही.

पहिली गोष्ट तारखेची. फेब्रुवारी १९४४ मध्ये जी गाडी कारखान्यातून बाहेर पडत होती ती यात आहे. विलीसच्या पहिल्या जवळपास पंचवीस हजार गाड्यांना लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. पत्र्यात ठोकलेली, नऊ फटींची जाळी फोर्डची कल्पना, ती पुढे दोघांनीही वापरली. तुम्ही पट्ट्यांच्या जाळीची १९४१-४२ मधली जीप करत असाल तर हे मॅन्युअल तुम्हाला उलट चुकवेल. त्या गाड्यांच्या डॅशबोर्डला सुरुवातीला हातमोज्यांचा कप्पा नव्हता, मागे जेरी कॅनचा ब्रॅकेट नव्हता. यातलं बघून तुम्ही ते बसवाल आणि फसाल. म्हणून किट उघडण्याआधी ठरवायचं: कुठल्या वर्षातली, कुठल्या महिन्यातली, विलीस की फोर्ड.

विलीस की फोर्ड, या प्रश्नावर मॅन्युअल जवळजवळ गप्प आहे. ते साहजिक आहे, दोन्हींचे सुटे भाग एकमेकांना बसावेत हाच तर सैन्याचा आग्रह होता. पण मॉडेल करणाऱ्याला फरक हवा असतो. सगळ्यात सोपी खूण पुढच्या बंपरच्या मागे, रेडिएटरच्या खाली. चासीचा पुढचा आडवा तुकडा विलीसचा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या ‘यू’ आकाराचा. फोर्डच्या बोल्टवर आणि बऱ्याच भागांवर ‘एफ’ अक्षर उठवलेलं असतं, पण ०.३६ मिलिमीटरच्या बोल्टवर ते कोण काढणार. मोठ्या स्केलमध्ये काम करणाऱ्यांनी मात्र ते विसरू नये.

सुट्या भागांसाठी जी-५०३ ही सैन्याची पार्ट लिस्ट जोडीला घ्या. जीपच्या सामानाचा सैन्याच्या यादीतला तो गटक्रमांक. त्यात भाग उलगडून काढलेली चित्रं आहेत, एकामागे एक कसे बसतात ते दाखवणारी. मॅन्युअल सांगतं भाग काय करतो, लिस्ट सांगते कुठला वायसर कुठल्या बोल्टखाली. दोन्ही शेजारी उघडी ठेवली की चासीचं काम फार सुरळीत होतं.

रंगाबद्दल आणि गाडी वापरात असताना कशी दिसायची याबद्दल यातून काही मिळणार नाही. सामानाच्या यादीत कुऱ्हाड, फावडं, आग विझवायचं नळकांडं, टायरच्या साखळ्या, तेलाची बुधली असं सगळं नेटकं आहे. प्रत्यक्षात शिपायांनी बंपरवर पोती बांधली, बॉनेटवर ताडपत्र्या टाकल्या, रस्त्यावर आडवी बांधलेली तार मानेला लागू नये म्हणून पुढे लोखंडी अँगल उभा केला. हा अँगल युनिटच्या वर्कशॉपमध्ये हाताला येईल त्या लोखंडाचा व्हायचा, त्यामुळे एकासारखा दुसरा नाही. त्यासाठी त्या काळचे फोटोच हवेत. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरने काढलेले फोटो त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि मी त्यांत जीप शोधताना जीपचे फोटो बघत नाही. पुलाचे, इस्पितळाच्या तंबूचे, टपाल वाटपाचे बघते. कोपऱ्यात एखादी जीप उभी असते, फोटोसाठी पुसलेली नसते, आणि फोटोवर तारीख असते. माझ्या मॉडेलच्या मागच्या सीटवरची सामानाची रचना अशाच एका कोपऱ्यातून घेतलीय.

एक सावधगिरी अशा शोधातही. युद्धानंतरची नागरी सीजे-२ए घाईत बघितली तर तीच वाटते. जाळीला सात फटी, मागे उघडणारं फाळकं, स्टेपनी बाजूला लावलेली दिसली की ती बाजूला ठेवा. युद्धातल्या जीपची स्टेपनी मागच्या पत्र्यावर असते.

डायोरामा, म्हणजे मॉडेलभोवतीचा देखावा, करणाऱ्यांनी सैन्याच्या त्या काळच्या आणखी एका प्रकारच्या सूचना जरूर वाचाव्यात. गाडी शत्रूच्या हाती पडण्याची वेळ आली तर ती कशी निकामी करायची, हे त्यांत सांगितलेलं असायचं. सोडून दिलेली जीप दाखवायची तर बहुतेक जण टायर फोडतात आणि गंज लावतात. कुणीतरी घाईघाईने, पण शिकवल्याप्रमाणे ती मोडली होती, हे या सूचना वाचल्यावर लक्षात येतं आणि मोडतोडीला क्रम येतो.

शेवटी प्रत कुठली घ्यावी. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या कामावर तिथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे हे कोणीही छापू शकतं आणि बरेच जण छापतात. माझी पहिली छापील प्रत हाती घेतली तेव्हा वाईट वाटलं. कुठल्यातरी स्कॅनवरून पुन्हा छापलेली, फोटो शाईने भरलेले, डायनामो आणि त्याच्या मागची सावली एकच काळा डाग. ज्या फोटोंसाठी घेतली तेच गेलेले. मजकूर आणि रेषांची चित्रं मात्र स्वच्छ होती, म्हणून ती टेबलावर वापरायला ठेवली, रंगाचे डाग पडले तरी चालतं म्हणून. फोटोंसाठी मोठ्या रिझोल्यूशनचं मोफत स्कॅन उतरवून घेतलं आणि हवी ती १८ पानं जाड कागदावर छापून घेतली. ही जोडी मला सगळ्यात सोयीची पडली.

नव्याने मॉडेल करायला लागलेल्यांना मी हे पहिलं पुस्तक म्हणून देणार नाही. किट सरळ जोडून, बोनेट बंद ठेवून, नीट रंगवून आनंद घ्या, त्यात काही कमी नाही. पण बोनेट उघडं ठेवायची इच्छा झाली, चासी बघताना हे इथे कशाला असा प्रश्न पडायला लागला, की त्या दिवशी हे घ्या. इंग्रजी साधं आहे, वाक्यं आखूड आहेत, कारण ती ट्रकखाली पाठीवर झोपलेल्या माणसासाठी लिहिली होती.

आणि छापील प्रत मागवण्याआधी विक्रेत्याकडून एका पानाचा फोटो मागून घ्या: डायनामोचा फोटो असलेल्या पानाचा. त्यात डायनामो आणि त्याच्या मागची सावली वेगळी दिसली तर प्रत घ्या. माझ्या पहिल्या प्रतीत तेवढं एकच पान आधी बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.